टोकियोचा कर आणि कर्जतची पावती

जपानमध्ये नोकरीला लागलेल्या मुलाचं पहिलं वर्ष मजेत जातं. हातात बरा पगार येतो. दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये मात्र पगाराच्या स्लिपवर एक नवीनच कपात उगवते आणि तो घरी फोन करून विचारतो, हे काय आता? ती कपात म्हणजे तिथला रहिवासी कर. हा कर आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावर लागतो, म्हणून नव्या माणसाला पहिल्या वर्षी त्याची झळ लागत नाही. करपात्र उत्पन्नाच्या साधारण १० टक्के एवढा हा कर असतो. तुम्ही १ जानेवारीला ज्या गावात राहता, त्या गावाच्या आणि प्रांताच्या तिजोरीत तो जातो.

आपल्या कर्जत तालुक्यातली पोरं पुणे, हिंजवडीमार्गे आता टोकियोपर्यंत पोचली आहेत. त्यांतली बरीचशी एदोगावा भागात, निशी-कासाईच्या आसपास राहतात. भारतीयांची ती जुनी वस्ती. मूळचे मराठी असलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तिथल्याच स्थानिक सभागृहात निवडून आले होते. या मुलांसाठी आणि इकडे राहून त्यांचे कागद सांभाळणाऱ्या आईबापांसाठी हा लेख आहे. तिथला कर देणगीतून कसा वळवायचा आणि त्यातून जे हाती राहील ते कर्जतपर्यंत नीट कसं पोचवायचं, ते इथे सांगतो.

या योजनेला जपानमध्ये फुरुसातो नोझेई म्हणतात, म्हणजे आपल्या गावाला दिलेला कर. फुकुई प्रांताचे राज्यपाल निशिकावा इस्सेई यांनी २००६ च्या सुमारास ही कल्पना पुढे रेटली आणि २००८ पासून ती लागू झाली. खेड्यांनी मुलं वाढवायची, शाळा-दवाखान्याचा खर्च करायचा. मुलं मोठी झाली की टोकियोत जाणार आणि कर टोकियोला भरणार, हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. कर्जतच्या माणसाला ते समजावून सांगायची गरज नाही. उपाय असा काढला, की करदात्याने जपानमधल्या कुठल्याही गावाला किंवा शहराला देणगी द्यावी. त्यातले २,००० येन त्याच्या पदरचे. उरलेली रक्कम मर्यादेत असेल तर त्याच्या प्राप्तिकरातून आणि रहिवासी करातून वजा होते. गाव तुमचं असलंच पाहिजे असं नाही. नागरिकत्वाचीही अट नाही. जपानमध्ये कर भरत असाल तर आपल्या तालुक्यातल्या राशीनच्या माणसालाही तोच हक्क आहे.

शिवाय देणगी घेणारं गाव आभार म्हणून काही वस्तू पाठवतं. तांदूळ, फळं, मासे, मांस, टॉवेल, टॉयलेट पेपर, काय वाट्टेल ते. या वस्तूंवरून गावागावांत एवढी चढाओढ लागली, की २०१९ मध्ये सरकारला कायदा करून भेटवस्तूची किंमत देणगीच्या ३० टक्क्यांत बसवावी लागली. इझुमिसानो नावाच्या शहराला तर सरकारने योजनेतून वगळलं. ते सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२० मध्ये जिंकलं. ऑक्टोबर २०२५ पासून देणगीच्या संकेतस्थळांवर मिळणारे पॉइंटही बंद झाले आहेत. तेव्हा जुन्या सहकाऱ्याने सांगितलेल्या पॉइंटच्या युक्त्या आता विसरा.

एक उदाहरण घेऊ. वर्षाला ५० लाख येन पगार असलेला, एकटा राहणारा इंजिनियर साधारण ६१,००० येनपर्यंत देणगी देऊ शकतो. तेवढी दिली तर ५९,००० येन करातून वळते होतात आणि जास्तीत जास्त १८,००० येनच्या आसपास किमतीची वस्तू घरी येते. पगार ४० लाख असेल तर ही मर्यादा ४२,००० च्या आसपास आणि ७० लाख असेल तर १ लाख ८ हजारांच्या आसपास असते. मर्यादेच्या वर जे द्याल, त्यातलं फार थोडं वजा होतं. बाकीची निव्वळ देणगी ठरते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण जाहिराती ती झाकून ठेवतात. यात कर म्हणून काही वाचत नाही. जो कर पुढच्या वर्षी भरायचा होता तो तुम्ही आज दुसऱ्या गावाला दिला आणि वर २,००० येन मोजले, एवढंच. खरा फायदा त्या भेटवस्तूचा. म्हणून ज्याचा घरखर्च कमी होईल अशीच वस्तू मागवा. मांस आणि खेकडे यांनीच संकेतस्थळं भरलेली असतात, तेव्हा शाकाहारी घराने तिथे फार वेळ घालवू नये. तांदूळ मागवावा. २०२५ च्या उन्हाळ्याआधी जपानमध्ये ५ किलो तांदळाचा भाव ४,००० येनच्या वर गेला होता. तो तांदूळ चिकट असतो, आपल्या वरणभाताला तो थोडा चालवूनच घ्यावा लागतो. पण खिचडीला आणि मुलांच्या डब्याला काही हरकत नाही. यामागाताच्या चेरी किंवा ओकायामाची द्राक्षं एकदा हौस म्हणून ठीक. द्राक्षाची किंमत बघून मात्र नगर जिल्ह्यातला बागायतदार खुर्चीवरून पडेल.

आता खाचखळगे. माणसं अडकतात ती इथेच.

पहिली अडचण नावाची. देणगी देणाऱ्याचं नाव आणि पत्ता रहिवासी नोंदीतल्या नावा-पत्त्याशी जुळला पाहिजे. आपल्या पासपोर्टात बऱ्याचदा वडिलांचं नाव मध्ये असतं आणि जपानी नोंदीत आडनाव आधी येतं. संकेतस्थळाच्या फॉर्मवर घाईत फक्त नाव आणि आडनाव टाकलं, की कागद परत येतात. नोंदीत जसं आहे तसंच, त्याच क्रमाने टाका. शिवाय देणगी ज्याच्या नावे, पैसेही त्याच्याच कार्डावरून किंवा खात्यावरून गेले पाहिजेत. बायको घरी असते, खरेदी तीच करते आणि कार्डही तिच्याच नावाचं असतं. तिने नवऱ्याच्या नावे देणगी दिली तर वजावट धोक्यात येते. दोघंही कमावत असतील तर दोघांची मर्यादा वेगळी मोजा आणि खातीही वेगळी ठेवा.

दुसरी गोष्ट आईवडिलांची. जपानमध्ये भारतातल्या आईवडिलांना आश्रित दाखवून कर कमी करता येतो आणि बरेच जण तसं करतात. पण कर कमी झाला की देणगीची मर्यादाही कमी होते. वर दिलेले आकडे आश्रित नसलेल्या माणसाचे आहेत. २०२३ पासून नियम कडकही झाला आहे. ३० ते ६९ वयाचे परदेशी नातेवाईक एरवी आश्रित धरले जात नाहीत. ते जपानमधून परदेशी शिकायला गेलेले किंवा अपंग असतील, नाहीतर वर्षात त्यांना ३ लाख ८० हजार येन किंवा जास्त पाठवले असतील तरच धरतात. पैसे प्रत्येकाला स्वतंत्र गेले पाहिजेत. बाबांच्या खात्यावर दोघांचे मिळून पाठवले तर आईच्या नावे काही धरत नाहीत. जिल्हा बँकेतलं एकच खातं वर्षानुवर्षं वापरणाऱ्या घरांनी आईचं वेगळं खातं काढून ठेवावं.

तिसरी गोष्ट परत येण्याची, आणि परदेशी माणसाच्या दृष्टीने हीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. रहिवासी कर १ जानेवारीला जपानमध्ये राहणाऱ्याला लागतो. समजा, तुम्ही ऑक्टोबरमध्ये कायमचे परत आलात. पुढच्या जानेवारीत तुम्ही तिथे नसाल, म्हणजे त्या वर्षाच्या उत्पन्नावर रहिवासी कर लागणारच नाही. मग त्या वर्षी दिलेल्या देणगीचा मोठा भाग वजा व्हायचा तो कशातून? प्राप्तिकरातून जेवढी सूट मिळेल तेवढीच. कंपनी परत पाठवणार अशी कुणकुण लागली असेल तर देणगी डिसेंबरपर्यंत थांबवा आणि १ जानेवारीला तिथेच असणार हे पक्कं झाल्यावर डिसेंबरमध्येच द्या. नुकतेच गेलेल्यांनीही पहिल्या वर्षी हात आखडता घ्यावा, कारण मर्यादा त्याच कॅलेंडर वर्षाच्या उत्पन्नावर ठरते. सप्टेंबरमध्ये रुजू झालेल्याच्या खात्यात चारच महिन्यांचा पगार जमा होतो.

वजावट मागण्याचे दोन मार्ग आहेत. पाच किंवा कमी गावांना देणगी दिली असेल आणि एरवी विवरणपत्र भरावं लागत नसेल, तर प्रत्येक गावाला एक अर्ज पाठवून काम भागतं. तो पुढच्या वर्षीच्या १० जानेवारीपर्यंत पोचला पाहिजे. माय नंबर कार्ड हे तिथलं ओळखपत्र असेल तर बहुतेक गावांचा अर्ज मोबाइलवरूनही जातो. दुसरा मार्ग म्हणजे १६ फेब्रुवारी ते १५ मार्चमध्ये स्वतः विवरणपत्र भरायचं. पण एकदा विवरणपत्र भरलं की आधीचे सगळे अर्ज रद्द होतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. वैद्यकीय खर्चाची सूट मिळवायला विवरणपत्र भरलं आणि त्यात देणग्या लिहायच्या राहिल्या, की सगळंच हुकलं. आपल्या लोकांसाठी आणखी एक मेख आहे. जपानमध्ये पाच वर्षांहून जास्त राहिलात की भारतातल्या व्याज-भाड्यावरही तिथे कर लागतो. अनिवासी भारतीयांच्या एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी जपानमध्ये मग ते करमुक्त राहत नाही. म्हणजे अशांना विवरणपत्र भरावंच लागण्याची शक्यता मोठी. त्यांनी पाच गावांच्या सोप्या मार्गाच्या भरवशावर राहू नये. समजा काही राहूनच गेलं असेल, तर परताव्याचं विवरणपत्र पाच वर्षांपर्यंत भरता येतं. देणगीच्या पावत्या मात्र जपून ठेवलेल्या हव्यात.

या योजनेत सगळं गोड नाही. जी रक्कम इझुमिसानोला किंवा होक्काइदोला जाते, ती एदोगावाच्या तिजोरीतून जाते. एदोगावासारख्या टोकियोच्या विशेष वॉर्डांना ही तूट सरकार भरूनही देत नाही. सेतागाया वॉर्डाचं वर्षाला १,००० कोटी येनहून जास्त नुकसान होतं. आपलं मूल आपल्याच वॉर्डाच्या पाळणाघरात जात असेल, तर मर्यादेपर्यंत सगळी रक्कम बाहेर वळवावी का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत विचाराल तर अर्धी रक्कम तरी भेटवस्तू न घेता द्यावी. १ जानेवारी २०२४ ला नोटो द्वीपकल्पात भूकंप झाला, तेव्हा असंख्य लोकांनी याच मार्गाने काहीही न मागता पैसे पाठवले होते. तो पर्याय आजही आहे. वजावट तेवढीच मिळते.

फुरुसातो नोझेईतून कर्जतला एक येनही पाठवता येत नाही. योजना जपानमधल्या गावांपुरती आहे, आणि भारतातल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर जपानमध्ये वजावट मिळत नाही. भारतात तर अशी योजनाच नाही. तुमचा प्राप्तिकर केंद्राकडे जातो. त्यातला कुठला हिस्सा कुठल्या तालुक्याला द्यायचा, हे करदात्याच्या हातात नसतं. घरपट्टीचा उत्पन्नाशी संबंध नाही. तेव्हा मार्ग राहतो तो एकच, तिकडे वाचलेला घरखर्च इकडे देणगी म्हणून पाठवायचा. वरच्या उदाहरणातला १८,००० येनचा तांदूळ-साबण म्हणजे दहा हजार रुपयांच्या आसपास. वर्षाला एवढे आले तर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका वर्गाचे पंखे आणि फळा होतो.

ही देणगी भारतात कराच्या दृष्टीने कामाला येते का? क्वचित. देणगीच्या वजावटीचं कलम ८०-जी सगळ्यांना ऐकून माहीत असतं. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात तेच कलम १३३ झालं आहे. पण ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते आणि तिच्यासाठी प्रणाली बदलणं बहुतेकांना महागात पडतं. आकडे बघा. पुण्यातल्या फ्लॅटचं वर्षाचं भाडं ६ लाख रुपये आहे. ३० टक्के प्रमाणित वजावट जाऊन ४ लाख २० हजार उरले. नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे कर १,००० रुपये. जुन्या प्रणालीत अडीच लाखांच्या वरच्या रकमेवर ५ टक्क्यांनी ८,५०० रुपये. देणगीची जास्तीत जास्त मर्यादा उत्पन्नाच्या १० टक्के, म्हणजे ४२,०००. त्यातली निम्मी, २१,००० वजा होणार. त्यावर कर वाचतो १,०५० रुपये. म्हणजे ४२,००० देऊनही जुन्या प्रणालीत ७,४५० रुपये भरावे लागतात. उपकर वेगळा. जुनी प्रणाली आधीच परवडत असेल, म्हणजे उत्पन्न मोठं आणि गृहकर्जाचं व्याज वगैरे भरपूर असेल, तरच या कलमाचा विचार करा. तिथे ३० टक्क्यांच्या टप्प्यात ५०,००० च्या देणगीवर उपकर धरून ७,८०० रुपये वाचतात. भाड्यावर अनिवासी माणसाचा टीडीएस ३० टक्क्यांनी, वर उपकर लावून कापलेला असतो. तो परत मिळवायला विवरणपत्र भरावंच लागतं, देणगी असो वा नसो.

वजावट मागायचीच असेल तर पैसे खात्यातून द्या. २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी धरत नाहीत. वस्तूही धरत नाहीत. आपल्याकडे पद्धत अशी, की माणूस सुटीवर येतो, नगरला जाऊन प्रोजेक्टर विकत घेतो, शाळेत फोटो काढतो आणि भिंतीवर नाव येतं. नाव येऊ द्या, पण कराच्या हिशेबात त्या प्रोजेक्टरची किंमत शून्य आहे. तेच पैसे नोंदणीकृत संस्थेला द्या आणि खरेदी संस्थेला करू द्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर दिले तर शाळेचं भलं होईल, पण त्या समितीकडे ८०-जीची नोंदणी सहसा नसते. रयतसारख्या मोठ्या शिक्षण संस्थेचं कॉलेज कर्जतमध्ये आहे. अशा संस्थेला देताना नोंदणी क्रमांक कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे, ते विचारून घ्या.

स्थानिक स्वराज्य संस्थेला धर्मादाय कामासाठी दिलेल्या देणगीलाही या कलमात निम्मी वजावट आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. म्हणजे ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत. पण सरपंचांच्या हातात दिलेले पैसे म्हणजे ग्रामपंचायतीला दिलेले पैसे नव्हेत. ते ग्रामनिधीत जमा झाले पाहिजेत आणि नमुना ७ ची सामान्य पावती तुमच्या नावे निघाली पाहिजे. कशासाठी दिले तेही पावतीवर लिहून घ्या. विवरणपत्रात देणगी घेणाऱ्याचा पॅन भरावा लागतो, तो ग्रामपंचायतीकडून आधीच मागून ठेवा. ऐन जुलैमध्ये त्यासाठी टोकियोहून फोन करत बसू नका.

देवस्थानाचं गणित वेगळं. आषाढ वद्य एकादशीला गोदड महाराजांच्या रथासाठी, नवरात्रात राशीनच्या देवीसाठी किंवा सिद्धटेकच्या गणपतीला परदेशातून पैसे येतात, ते श्रद्धेने येतात आणि यावेतच. पण निव्वळ धार्मिक कामासाठी दिलेल्या देणगीला ही सूट नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या ठरावीक देवळांच्या दुरुस्तीलाच ती मिळते. रथाला दिले ते दिले. विवरणपत्रात ते टाकू नका.

पासपोर्टचाही प्रश्न येतो. तुमच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल, जपानचं कायमस्वरूपी वास्तव्य मिळालेलं असलं तरीही, तुमच्या बचतीतून बँकेमार्फत आलेली देणगी विदेशी देणगी धरली जात नाही. जपानी नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड असूनही ती विदेशी देणगी ठरते. ती घ्यायला संस्थेकडे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची एफसीआरए नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. गावच्या तरुण मंडळाकडे अशी नोंदणी कुठून असणार? चुकून घेतली तर खटला मंडळावर होऊ शकतो. म्हणून नागरिकत्व बदललेल्याने पैसे पाठवण्याआधी संस्थेला ते स्पष्ट सांगावं.

आता पत्त्याबद्दल. महाराष्ट्रात कर्जत दोन आहेत. रायगडचं कर्जत मुंबईच्या लोकलने जोडलेलं, म्हणून इंटरनेटवर नाव टाकलं की तेच आधी येतं. तिथे नगरपरिषद आहे, आपल्याकडे नगरपंचायत. फॉर्मवर कर्जत, पिन ४१४४०२ असं लिहा. जिल्ह्याचं नाव कुठे अहमदनगर, कुठे अहिल्यानगर दिसेल, त्याने बिघडत नाही. जपानचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, आपलं ३१ मार्चला. जपानची देणगी तिथल्या वर्षात आणि कर्जतची इथल्या वर्षात पोचली पाहिजे. शेवटच्या दिवशी पाठवलेले पैसे दोन दिवसांनी जमा झाले तर ते पुढच्या वर्षात धरले जातात. ८०-जीवाल्या संस्थेने देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरून तुम्हाला जुन्या कायद्यात १०-बीई म्हटलं जाणारं प्रमाणपत्र ३१ मेपर्यंत द्यायचं असतं. साधी पावती त्याच्या जागी चालत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते ईमेलवर आलं नसेल, तर संस्थेच्या कारकुनाला फोन करा आणि यादीत तुमचा पॅन बरोबर टाकला होता का, ते आधी विचारा.